सोबत मिळाली तरच

बारावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या आमच्या ज्युनियर कॉलेजच्या व्हरांड्यात माझं टेबल मांडलं जातं. मी गणित शिकवते, पण जून-जुलैत मला गणितातलं कुणी काही विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "म्याडम, कशाला स्कोप हाय?" सुरुवातीची काही वर्षं मी या प्रश्नाचं मनापासून उत्तर द्यायचे. कोणत्या शाखेत काय शिकवतात, पुढं काय करता येतं, सगळं सांगायचे. आता मी उलट विचारते, "मुलीला काय आवडतं?" त्यावर वडील माझ्याकडं असे बघतात, जणू मी तिच्या आवडीची भाजी विचारली. मग ते मुलीकडं बघतात आणि मुलगी खाली बघते.

स्कोपचा प्रश्न तरी परवडला. त्याच्यानंतर जो येतो त्यानं माझं डोकं फिरतं. "सोबत कोन हाय?"

मुलाच्या बाबतीत हा प्रश्न मी आजवर ऐकलेला नाही. मुलगा एक बॅग उचलतो, पुण्याला जातो, कुठंतरी कॉट बघतो आणि दिवाळीला दाढी वाढवून परत येतो. मुलीच्या बाबतीत मात्र कॉलेज कोणतं, शाखा कोणती हे सगळं नंतर. आधी तिच्याबरोबर कोण जाणार ते सांगा. गावातली हवी, नाहीतर शेजारच्या गावातली, जमलं तर नात्यातली, पण एक मुलगी पाहिजे. ती असेल तर पुणं. नसेल तर सोलापूर. आणि सोलापूरला रोज जाऊन-येऊन करायला एस.टी.त बरोबर कुणी नसेल, तर तालुक्याच्या गावाला जे काही शिकवत असतील ते. सरकारनं बऱ्याच मुलींची फी माफ केली तेव्हा मला वाटलं होतं, चला, आता घरच्यांना कारण उरलं नाही. कसलं काय! फी गेली आणि सोबत तिथंच राहिली.

म्हणून मी वर्षानुवर्षं हा एक उद्योग करत आले. लग्न जुळवणारे स्थळं घेऊन फिरतात तशी मी सोबती जुळवते. मी स्वतः बार्शीची, त्यामुळं त्या बाजूच्या मुली मला चटकन सापडतात. बार्शीच्या एका मुलीसाठी मी वैरागची मुलगी शोधली होती, आणि त्या दोघी एकमेकींना आवडेपर्यंत मला झोप नव्हती. स्टाफरूममधले लोक चेष्टा करतात. "मॅडम, वधू-वर मेळाव्यासारखा एखादा सोबत-मेळावा घ्या की." मी हसते. पण खरं सांगायचं तर मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. नव्वदच्या वर पर्सेंटाइल मिळवलेल्या मुलीसाठी कॉलेज शोधायचं सोडून मी शेजारच्या गावात आणखी कोण पास झालंय ते शोधत बसते, याचा मला राग येतो.

एका वर्षी माझ्यासमोर जी मुलगी आली ती अक्कलकोट तालुक्यातली. घरात कन्नड, शाळेत मराठी. इथं सोलापुरात मावशीकडं राहून तिनं अकरावी-बारावी केली होती. वडील चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला, आठवडाभर तिथंच खोली करून राहायचे आणि सुट्टीला गावी जायचे. मुलगी कमी बोलायची, पण वर्गात मी फळ्यावर चुकले की पहिला हात तिचाच वर यायचा. तिला मी नेहमीचा प्रश्न विचारला आणि चक्क उत्तर मिळालं.

"इलेक्ट्रिकल, मॅडम."

"का गं?"

"आमच्याकडं डीपीचा ट्रान्सफॉर्मर जळला की दुरुस्त होऊन यायला लई दिवस लागतात. पिकं वाळतात. वायरमनला विचारलं का जळतो, तर म्हणतो लोड येतो. मग लोड येतो हे माहीत आहे तर तसा बनवत का नाहीत?"

इतक्या वर्षांत 'स्कोप' हा शब्द न वापरता शाखा निवडणाऱ्या मुली मला फार भेटल्या नाहीत. मी तिचे गुण पाहिले. पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल तिला आरामात मिळणार होतं. मी इतकी खूश झाले की टपरीवाल्याला दोन चहा सांगितले, आणि ती चहा पीत नाही म्हणाली म्हणून दोन्ही मीच प्यायले.

दुसऱ्या दिवशी वडील आले. साधा, शांत माणूस. माझं सगळं बोलणं त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. मग मुलीशी कन्नडमध्ये काहीतरी बोलले. ती काकुळतीला येऊन काही सांगत होती आणि ते "ब्याड, ब्याड" म्हणत होते. ब्याड म्हणजे नको, एवढं कन्नड सोलापुरात राहणाऱ्या कुणालाही येतं.

"म्याडम, पोरगी हुशार हाय, ते मला बी कळतंय," ते मला म्हणाले. "पन एकटीला कसं पाठवू? गावातनं आजून एक पोरगी बारावी झालीय. हिची मैत्रीणच हाय. तिला बी पुण्यालाच घाला की. दोघी असल्या तर पाठवतो."

"आणि तिला नाही मिळालं तर?"

"तर मग न्हाय."

म्हणजे आता हिचं पुणं त्या दुसऱ्या मुलीवर अवलंबून. मी निमूटपणे तिला बोलावून घेतलं. ती अगदी वेगळी निघाली. हसरी, बडबडी, गुण बेताचे. काय शिकायचंय याचा तिनं विचार केला नव्हता, पण कुठं शिकायचं हे पक्कं होतं. "गाव सोडून कुटं बी," ती म्हणाली. मला ती आवडली. तिच्या गुणांवर सरकारी कॉलेज शक्य नव्हतं, पण पुण्यातली दोन-तीन खाजगी कॉलेजं मिळू शकत होती. मग मी डोकं चालवलं. कॉलेजं दोन, पण राहायचं एकत्र. ओळखीतून मुलींच्या एका वसतिगृहात चौकशी केली, दोघींना एक खोली मिळेल असं तिथल्या बाईंनी सांगितलं. वडिलांना मी म्हटलं, "कॉलेजला दिवसा जाणार, राहणार मात्र एका खोलीत. ही सोबत झाली की नाही?"

"व्हय," ते म्हणाले. "एका खोलीत आसल्या तर झाली."

मी जिंकले असं मला वाटलं.

ज्यांना ही प्रवेशाची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. संगणकावर कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा. सगळ्यात हवं ते पहिलं, त्याच्याहून कमी हवं ते दुसरं, असं खाली खाली जायचं. मग गुणांप्रमाणं वाटप होतं. खालच्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर पुढच्या फेरीत वरच्यासाठी थांबता येतं. पण पहिल्या क्रमांकाचं मिळालं तर संपलं. तुम्हीच पहिलं मागितलं, तुम्हाला ते दिलं, आता तेच घ्यायचं. पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. हे मी त्या दोघींना टेबलावर खडूनं रेघा मारून समजावलं. हुशार मुलीच्या यादीत पहिलं पुण्याचं सरकारी इलेक्ट्रिकल. मैत्रिणीच्या यादीत पहिली पुण्याची खाजगी कॉलेजं. दोघींनाही समजलं होतं. हुशार मुलीनं तर मैत्रिणीला कन्नडमध्ये पुन्हा समजावून सांगितलं.

फक्त दोघींनी मिळून शेवटचं कन्फर्म करायचं राहिलं. हुशार मुलीचा ओटीपी तिच्या वडिलांच्या मोबाईलवर येणार आणि कारखान्यात मोबाईल गेटवरच जमा करून घेतात. शिफ्ट सुटल्याशिवाय तो हातात येत नाही. "काही हरकत नाही," मी म्हणाले. "सुट्टीला वडील गावी आले की तिथंच कन्फर्म करा. काहीही बदलायचं नाही. काहीही!" दोघींनी माना डोलावल्या.

वाटपाच्या दिवशी वडील पेढे घेऊन आले.

व्हरांड्यात पालकांची गर्दी होती. तिच्यातून वाट काढत ते पुढं आले, आणि इतका आनंदलेला माणूस मी त्या जुलैत दुसरा पाहिला नाही. "म्याडम, पयल्याच नंबराचं लागलं! कॉम्पुटर!"

"कॉम्प्युटर? कुठलं कॉम्प्युटर?"

"हितलंच की. सोलापूरचं."

पेढा माझ्या हातात तसाच राहिला. त्यांच्यामागं मुलगी उभी होती. तिच्याकडं एकदा बघितलं आणि मला सगळं कळलं. फक्त कसं झालं ते कळायचं होतं.

झालं होतं असं. सुट्टीला दोघींचे वडील मुलींना घेऊन तालुक्याच्या गावी एका सायबर कॅफेत गेले. तिथं हुशार मुलीच्या वडिलांनी दोघींच्या याद्या शेजारी शेजारी बघितल्या आणि ते दचकले. याद्या वेगळ्या. "वेगळ्या याद्या म्हंजी पोरी वेगळ्या पडणार की," ते मला सांगत होते. "एका खोलीचं तुमी तोंडी सांगितलं, पन संगनकाला ते कुटं म्हाईत हाय?" कॅफेवाल्याला हे पटलं. केस पिकलेला, जाणता माणूस. तालुक्यातले निम्मे अर्ज त्याच्याच हातून जातात. तो म्हणाला, दोघींची यादी सेम टू सेम टाकतो, म्हणजे सेमच मिळंल. मैत्रिणीचे गुण कमी, म्हणून तिची यादी धरली आणि हिची तिच्यासारखी केली. पुण्याचं सरकारी कॉलेज त्यातून उडालं, कारण ते मैत्रिणीला मिळणारच नव्हतं. आणि सगळ्यात वर टाकलं सोलापूर.

"वर का?" मी ओरडलेच. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली.

"हितलं धरून ठेवावं म्हनून. पुण्याचं न्हाय लागलं तर हातात कायतरी पायजे की."

एस.टी. थांब्यावर लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. जागा धरायची, मग आत शिरून पुढची चांगली बघायची, नाही मिळाली तर आपला रुमाल आहेच. त्यांनी सोलापूरवर रुमाल टाकला होता. माझ्या खडूच्या रेघा, माझं घसा फाटेपर्यंत समजावणं, सगळं पाण्यात.

"तू काही बोलली नाहीस?" मी मुलीला विचारलं. माझा सगळा राग तिच्यावर निघाला.

"बोलले, मॅडम," ती म्हणाली. "वर टाकलं तर लॉक होतं म्हणून सांगितलं. पप्पा म्हणाले, मॅडमचं ऐकून वेगळ्या पडलात तर दोघी घरी बसा. मग मीच कन्फर्म केलं."

मी मदत केंद्राला फोन केला. तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं, पहिली पसंती मिळाली आहे, जागा पक्की झाली आहे. मी म्हटलं, चूक झालीय. तो म्हणाला, विद्यार्थिनीनं स्वतः ओटीपी टाकलाय. मी म्हटलं, घरच्यांच्या दबावाखाली. तो म्हणाला, मॅडम, तसा पर्याय नाही सिस्टिममध्ये. मी आणखी दोन ठिकाणी फोन केले, एका जुन्या विद्यार्थ्यालाही केला. सगळीकडं तेच. आणि वडील समोर उभे राहून मला समजावत होते, "म्याडम, कॉम्पुटर बी चांगलंच हाय की. लई स्कोप हाय म्हनत्यात." त्या माणसाचा काही वाईट हेतू नव्हता, हे मला दिसत होतं. त्यामुळं तर मला जास्तच चीड येत होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी समजू शकले असते. म्हटलं असतं, निदान दोघी एकत्र आहेत. पण मी मैत्रिणीचं विचारलं तेव्हा वडिलांचा चेहरा पहिल्यांदा पडला.

सोलापूरच्या कॉम्प्युटरला मैत्रिणीचे गुण पुरले नव्हते. तिला यादीतलं त्याच्या खालचं मिळालं होतं. पुण्याचं.

याद्या सारख्या केल्यामुळंच दोघी वेगळ्या पडल्या होत्या. जिला पुण्यात इलेक्ट्रिकल शिकायचं होतं ती सोलापूरला अडकली, आणि जिला सोबत म्हणून घ्यायचं होतं तिला पुणं मिळालं. माझ्या याद्यांप्रमाणं केलं असतं तर या वेळी दोघी वसतिगृहाची खोली झाडत असत्या. हे मी वडिलांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं ते नुसतं मला बरं वाटावं म्हणून, आणि बरं काही वाटलं नाही.

आता मैत्रिणीचे वडील म्हणायला लागले, सोबत नाही तर हिलाही पाठवत नाही. म्हणजे दोघींचंही पुणं गेलं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी ठरवलं, आता यात पडायचं नाही. बस झालं. मी गणिताची बाई आहे, गणित शिकवावं. दोन-तीन दिवस मी सोबतीबद्दल कुणी विचारलं की तुसडेपणानं बोलले. एका बिचाऱ्या आईला तर म्हणाले, "सोबत पाहिजे तर तुम्हीच अॅडमिशन घ्या हिच्याबरोबर."

पुढं काय झालं ते मला ऑगस्टमध्ये कळलं. हुशार मुलगी दाखल्याची आणखी एक प्रत न्यायला आली होती. मी विचारलं, "मैत्रीण काय करते? घरीच?"

"न्हाय, मॅडम. पुण्याला गेली."

मला खोटं वाटलं. मग तिनं सांगितलं. ती रोज मैत्रिणीच्या घरी जाऊन बसायची. तिच्या वडिलांना म्हणायची, हिला मिळालंय ते तरी वाया घालवू नका. ते म्हणायचे, तू गेली असतीस तर पाठवली असती. रोज तेच. शेवटी मैत्रिणीच्या आईला आठवलं, तिचा एक भाऊ पुण्याच्या बाजूला कंपनीत आहे.

"जूनमध्ये कुठं होता हा मामा?" मी विचारलं.

"तितंच होता की, मॅडम. आठवला नव्हता."

हा मामा सुट्टीवर गावी आला होता आणि परत जाताना भाचीला घेऊन जायला तयार झाला. तरी तिच्या वडिलांचं मन होईना. दोन्ही घरच्यांनी मिळून असं ठरवलं, की हुशार मुलीनं बरोबर जावं, खोली बघावी, मैत्रिणीचं नीट लावून द्यावं, मग त्यांना घोर नाही. ती गेली. जी खोली मी दोघींसाठी धरली होती तीच मैत्रिणीला मिळाली.

"कशी आहे खोली?"

"चांगली आहे. खिडकी आहे." तिनं दाखल्याची प्रत घडी करून पिशवीत ठेवली. "दुसऱ्या कॉटवर बीडकडची मुलगी आलीय. एकटीच आली म्हणे. मी जेवताना सगळ्यांना विचारलं. तितं बहुतेक जणी एकट्याच आल्यात, मॅडम. आल्यावर होते सोबत."

विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "आणि परत कोण घेऊन आलं तुला? मामा?"

"मामा तिकडंच राहिले, त्यांची ड्युटी होती. मी आले की. स्वारगेटला बसले, सोलापूरला उतरून अक्कलकोटची धरली, तितनं गावाची."

"एकटी?"

"व्हय."

तिचे वडील व्हरांड्याच्या टोकाला चपला काढून उभे होते. मी त्यांना आत बोलावलं. माझा आवाज चढलेला होता आणि मी तो उतरवायचा प्रयत्नही केला नाही. "ही पुण्याहून गावापर्यंत एकटी आली. तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की. फोन होता तिच्याजवळ."

"मग जाताना सोबत नव्हती म्हणून तिचं कॉलेज का घालवलंत?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता. मी चिडलेय एवढंच त्यांना दिसत होतं, आणि मला शांत करावं म्हणून ते अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाले, "म्याडम, ते जायाचं होतं. हे घराकडं यायचं होतं. घराकडं यायला कशाला लागतीय सोबत?"

मी तोंड उघडलं होतं. पण माझ्याआधी मुलगी बोलली. वडिलांशी ती नेहमी कन्नडमध्येच बोलायची. या वेळी मराठीत बोलली.

"रस्ता तोच होता की, पप्पा."